सह्याद्रीत भटकायला जाताना: वाट, पाणी, आग आणि कातळाचे नियम, कारणांसकट

अभयारण्याच्या नाक्यावर पाटी असते. वाट सोडू नका, आग पेटवू नका, फुलं तोडू नका, कचरा टाकू नका. कारणं लिहायला पाटीवर जागा नसते, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो: मी एकट्याने चार पावलं गवतात टाकली तर काय बिघडणार आहे? प्रश्न रास्त आहे. एका माणसाच्या चार पावलांनी खरंच फारसं बिघडत नाही. पण पावसाळ्यातल्या एका रविवारी नावाजलेल्या गडावर शेकड्यांनी, कधी हजारांनी माणसं चढतात, आणि नियम त्या सगळ्यांच्या पावलांची बेरीज धरून केलेला असतो. ही बेरीज डोक्यात ठेवली की जिथे पाटी नाही आणि वनरक्षकही नाही, तिथेही काय करायचं ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

कायद्याची बाजू आधी उरकून घेऊ. डोंगर सगळीकडे सारखा दिसला तरी जमिनीचा दर्जा बदलत जातो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना, राधानगरी ही अभयारण्यं आहेत, चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या सगळ्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. त्याच्या कलम २७ नुसार प्रवेशावर निर्बंध आहेत, आणि प्राण्यांना डिवचणं व कचरा टाकणं हे दोन्ही त्याच कलमात मनाई आहे. पर्यटन, छायाचित्रण किंवा अभ्यासासाठीची परवानगी कलम २८ खाली मिळते. नाक्यावर पैसे भरून मिळणारी पावती म्हणजे ही परवानगी, म्हणून ती परत येईपर्यंत खिशात ठेवा. कलम ३० आगीबद्दल आहे. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनातही सुटका नाही. तिथे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली आग लावणं किंवा जळती सोडून जाणं गुन्हा ठरतो. त्यामुळे ‘ही हद्द अभयारण्याची नाही’ म्हणून शेकोटी पेटवणाऱ्याला कायद्याचा आधार मिळत नाही.

सड्यावर सगळ्यात जास्त जपायचं

घाटमाथ्यावरचे सपाट कातळ, म्हणजे सडे, आठ महिने उजाड दिसतात आणि म्हणूनच त्यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. गाड्या चढवायला, तंबू ठोकायला, क्रिकेट खेळायला जागा मोकळीच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात कास, आंबोली, चाळकेवाडी यांसारख्या सड्यांवर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो. खाली सलग जांभा किंवा काळा पाषाण. जूनमध्ये पाऊस लागला की एवढ्याशा मातीत वनस्पतींची धांदल सुरू होते: रुजायचं, फुलायचं, बी धरायचं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात माती सुकायच्या आत आटपायचं. गेंद, सीतेची आसवं, तेरडा, दवबिंदू या सगळ्यांची हीच घाई.

यांतल्या सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती कीटकभक्षी आहेत. सीतेची आसवं जमिनीखालच्या धाग्यांवरच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते, तर दवबिंदूच्या पानांवरच्या चिकट थेंबांना किडे अडकतात. ही खटपट त्यांना करावी लागते, कारण कातळावरच्या धुपलेल्या मातीत नत्र फार कमी. आणि नत्र कमी आहे म्हणूनच जोमदार गवतं तिथे माजत नाहीत व या चिमुकल्या झाडांना जागा मिळते. आता त्याच जागी लोकांनी लघवी केली, खरकटं टाकलं, हात धुतले, की नत्र वाढतं. काही काळाने तिथे गवत जोर धरतं आणि सीतेची आसवं मागे हटते. फूल कुणीच तोडलेलं नसतं, तरी फुलं गेलेली असतात. म्हणून सड्यावर डबा उघडायचा नाही आणि लघवीला सडा उतरून वाटेपासून दूर, झाडोऱ्यातल्या मातीवर जायचं.

पावलांचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. पाण्याने भिजलेली पातळ माती कातळाला धड चिकटलेली नसते. जड बूट तिरका पडला की मुळांसकट तिची साल निघते, खालचा दगड उघडा पडतो आणि पुढच्या सरीत कडेची मातीही वाहून जाते. त्या जागी पुन्हा माती साठायला किती तरी पावसाळे लागतात. फोटोसाठी फुलांत बसणाऱ्यांमुळे हे सगळ्यात वेगाने घडतं. पहिला बसतो तेव्हा तेरडा आडवा होतो. दुसऱ्याला तिथे ‘आधीच तयार’ जागा दिसते, तो तिथेच बसतो. दुपारपर्यंत तिथे गाडीच्या टपाएवढा तपकिरी डाग पडलेला असतो आणि त्यातल्या एकाही झाडाने अजून बी टाकलेलं नसतं. टोपली कारवीच्या बाबतीत हे आणखी महागात पडतं, कारण ती मोठ्या प्रमाणावर सात वर्षांतून एकदा फुलते. तो हंगाम तुडवला तर पुढच्या बियांसाठी पुन्हा सात वर्षं थांबायचं. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांच्या यादीत गेलं, गर्दी वाढली, आणि आगाऊ नोंदणी व दिवसाला ३,००० माणसांसारखी मर्यादा आणावी लागली ती यामुळेच.

चालायचं ते उघड्या कातळावर किंवा आखलेल्या वाटेवर. बसायचं तर जिथे शेवाळही नाही अशा कोरड्या दगडावर. फूल जवळून टिपायचं असेल तर वाटेवरूनच, झूम वापरून किंवा वाटेच्या काठावर उकिडवं बसून.

कातळातले खळगे हा सड्याचा दुसरा नाजूक भाग. पावसाळ्यात त्यांत बेडकांची पिल्लं असतात आणि फेअरी श्रिम्प नावाचे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, पारदर्शक कवचधारी जीव असतात. पाणी आटलं की ते मरतात, पण त्यांची अंडी सुक्या गाळात पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. म्हणजे एप्रिलमधला कोरडा, भेगाळलेला खळगाही रिकामा नसतो. त्यावरून मोटरसायकल नेली तर अंडी चिरडली जातातच, शिवाय चाकोरी पडते. पुढच्या पावसात खळग्याचं पाणी त्या चाकोरीतून निसटतं आणि चार आठवडे टिकणारं डबकं चार दिवसांत आटतं. बेडकांच्या पिल्लांना पाय फुटायला तेवढा वेळ पुरत नाही. आंबोली टोड हा लहानसा भेक जगात फक्त आंबोलीच्या परिसरात सापडतो आणि पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. त्याच्यासाठी तर हा थेट जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

सुटे दगड उलटू नका, त्यांचे मनोरे रचू नका. उन्हाळ्यात दगडाखालची ओल हाच पाली, विंचू, देवगांडुळं यांचा आसरा असतो. दगड पुन्हा ठेवला तरी तो तसाच बसत नाही, फट राहते आणि ओल उडून जाते. शिवाय फुरसं हा विषारी सापही अशाच दगडाखाली बसतो.

बीजगोळ्यांबद्दलही बोलायला हवं. पावसाळी ट्रेकला जाताना पिशवीभर बीजगोळे, म्हणजे बिया घालून वळलेले मातीचे गोळे, नेऊन सड्यावर फेकायची पद्धत रूढ झाली आहे. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट आहे. सड्यावर झाडं नाहीत ती कुणी तोडली म्हणून नव्हे, तिथे माती नाही म्हणून. बहुतेक बिया वाळून जातात. ज्या तगतात त्या सावली करतात, आणि उन्हात वाढणाऱ्या सड्याच्या मूळ वनस्पती त्या सावलीत टिकत नाहीत. झाडं लावायचीच असतील तर गावाच्या शिवारात, गावकऱ्यांना विचारून, स्थानिक जातीची लावा आणि त्यांना तीन उन्हाळे पाणी घाला.

वाट सोडली की पाणी वाटेवर येतं

नागमोडी वाटेचा एक उद्देश चढ सोपा करणं हा आहेच, पण दुसरा पाणी उतारावरून आडवं काढून देण्याचा आहे. वळणं टाळून सरळ वर चढणारी आडवाट पाण्यालाही सरळ खाली यायला रस्ता देते. आधी गवत विरळ होतं, मग माती दबते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वरूनच धावतं, बरोबर माती घेऊन जातं, झाडांची मुळं उघडी पडतात आणि काही पावसाळ्यांत तिथे घळ तयार होते. घळीतून चालणं अवघड, म्हणून लोक तिच्या शेजारून चालू लागतात आणि दुसरी घळ पडते. घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो हे लक्षात घेतलं की एवढी धूप कशी होते ते वेगळं सांगायला नको.

म्हणून वाटेवर चिखल असेल तर चिखलातूनच जायचं, एकामागे एक. बूट खराब होणार हे गृहीत धरूनच बूट निवडा. समोरून कुणी आलं तर गवतात उतरू नका. दगड किंवा घट्ट जागा बघून थांबा आणि त्यांना जाऊ द्या. वाट चुकलात तर मागे फिरून शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत या. झुडपांतून नवी वाट पाडू नका, कारण तुमच्या मागून येणारा तीच खरी समजतो.

निघण्यापूर्वी गाडीजवळच एक काम करा. बुटांच्या खाचा काडीने साफ करा, मोजे आणि सॅकचा तळ झटका. गाजरगवत आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या तणांच्या बिया चिखलाबरोबर आणि कापडाला चिकटून गडापर्यंत पोचतात. दोन मिनिटांचं काम आहे, आणि एकदा वर रुजलेली रानमोडी उपटायला पुढे अनेक हंगाम घालवावे लागतात.

पाणी आणि शौच

जगभरच्या डोंगरी भागांत शौचासाठी काही मापं ठरलेली आहेत: पाणी, वाट आणि मुक्कामाच्या जागेपासून किमान ६० मीटर दूर, म्हणजे साधारण ८० ते ९० पावलं, खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल. खोलीला कारण आहे. मातीतले विष्ठा कुजवणारे जिवाणू वरच्या थरात जास्त असतात. खड्डा उथळ केला तर जनावरं उकरतात किंवा पावसाने उघडा पडतो, फार खोल केला तर कुजणं मंदावतं.

सह्याद्रीत मात्र ही मापं सगळीकडे चालत नाहीत, आणि हे नवख्या लोकांना कुणी सांगत नाही. गडावर आणि सड्यावर चार बोटं माती खणली की दगड लागतो. पावसाळ्यात तर ६० मीटर दूरची जागाही वाहत्या पाण्यातच असते. अशा वेळी विष्ठा बरोबर परत आणणं एवढाच उपाय उरतो. जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात मूठभर राख किंवा कोरडी माती, तोंड गच्च बांधायचं, ती दुसऱ्या पिशवीत घालायची आणि हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. खाली आल्यावर विष्ठा शौचालयात टाकायची, पिशव्या घरी. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण त्याच गडावरच्या टाक्याचं पाणी पिणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पायथ्याच्या गावात शौचालय वापरून मगच चढायला लागणं. ओले टिश्यू (वेट वाइप्स) आणि सॅनिटरी पॅड कधीही पुरू नका. त्यांत प्लॅस्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत आणि कुत्री ते उकरून काढतात.

गडावरची खोदीव टाकी उन्हाळ्यात माणसं, गुरं आणि जंगली जनावरं यांचा एकमेव आधार असतात. त्यांत पाय बुडवू नका, भांडी विसळू नका. स्वच्छ भांड्याने पाणी काढा आणि टाक्यापासून दूर जाऊन वापरा. साबणाच्या वेष्टनावर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं असतं तेही पाण्यात चालत नाही, कारण तो मातीतल्या जिवाणूंकडून विघटित होतो. पाण्यात तो पाण्याचा वरचा ताण मोडतो आणि पृष्ठभागावर चालणारे कीटक बुडतात. अंगाला लावलेली डासांची क्रीम किंवा सनस्क्रीनही तितकीच घातक. बेडूक कातडीतून पाणी शोषतो, आणि पाण्यात मिसळलेलं रसायनही त्याच वाटेने आत जातं. भांडी आधी कागदाने कोरडी पुसा, कागद परत आणा. मग एक-दोन कप पाण्यात काम भागतं.

आग

जानेवारीपासून पहिल्या पावसापर्यंत डोंगरउतारावरचं गवत कमरेएवढं आणि कडकडीत वाळलेलं असतं. दुपारनंतर वारं उताराने वर चढतं आणि ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवत जातात. म्हणून वणवा चढावर धावतो, आणि वर तंबूत असलेल्यांना पळायला वाट उरत नाही. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा पट्टा आधीच जाळून किंवा कापून मोकळा ठेवतं. पण ठिणगी जाळरेषेच्या आतच पडली तर तिचा उपयोग नाही.

शेकोटीचं नुकसान वणवा लागला नाही तरी होतं. खालची माती भाजून निर्जीव होते, दगडाचे पापुद्रे सुटतात, आणि जळणासाठी गोळा केलेलं वाळकं लाकूड हे भुंग्यांचं आणि वाळवीचं घर असतं. स्वयंपाकाला छोटा गॅस स्टोव्ह न्या. तो उघड्या कातळावर ठेवा, चारी बाजूंनी दोन-तीन मीटर गवत नको, वाऱ्याला आडोसा दगडाचा करा. विडी-सिगारेटचं थोटूक विझवून डबीत घाला. चिरडून टाकलेलं थोटूकही आतून धुमसत असू शकतं. कुणी पेटवून सोडून दिलेली शेकोटी दिसली तर माती लोटून पुढे जाऊ नका, मातीखाली निखारे तासन्‌तास जिवंत राहतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागत नाही अशी खात्री झाली की निघा.

कडे: गिधाडं आणि आग्या मोहोळ

कड्यावर पांढरे ओघळ दिसले तर तिथे पक्ष्यांची बसायची किंवा घरट्याची जागा असते. लांब चोचीची गिधाडं कड्याच्या कपारीत साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात वीण करतात आणि एकच अंडं घालतात. दोराने उतरणारी माणसं किंवा ड्रोन जवळ आला की पालक पक्षी उडतो. तेवढ्यात अंडं उन्हात तापतं किंवा कावळा ते फोडतो, आणि त्या जोडीचं वर्ष वाया जातं. हिवाळ्यात रॅपलिंग ठरवण्याआधी गावकऱ्यांना आणि वनरक्षकाला कड्याबद्दल विचारा. अभयारण्यात ड्रोन लेखी परवानगीशिवाय उडवायचाच नाही.

आग्या मोहोळाच्या बाबतीत नियम तुमच्या जिवासाठी आहे. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, मारलेला दगड यांतलं काहीही त्यांना चवताळून सोडतं. एका माशीने डंख मारला की तिथून सुटणारा गंध बाकीच्यांना बोलावतो, म्हणून हात झटकत तिथेच थांबणं सगळ्यात धोक्याचं. तोंड आणि मान कापडाने झाका आणि शक्य तितक्या लांब निघून जा, पण कड्याच्या धारेकडे धावू नका. पाण्यात उडी मारण्यात अर्थ नाही, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. सुरक्षित जागी पोचल्यावर काटे नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना गाठायचा, घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही.

काजव्यांच्या रात्री

मेअखेर ते जून मध्यापर्यंत भंडारदरा, राजमाची भागात काजवे बघायला झुंबड उडते. उडत लुकलुकणारे बहुतेक नर असतात. ते माद्यांना खूण देत असतात आणि माद्या गवतातून, झुडपांतून मंद उत्तर देतात. मोटारीचे दिवे, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश पडला की हा संवाद तुटतो. प्रौढ काजवा थोडेच दिवस जगतो, त्यामुळे वाया गेलेली प्रत्येक रात्र त्याला परवडणारी नसते. आणि झाडाखाली गर्दी केली की गवतातल्या माद्या पायांखाली जातात. गाडी गावातच ठेवा, दिवे बंद करा, वाटेवर उभे राहा, टॉर्चला लाल कागद लावून ती जमिनीकडेच रोखा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, ती द्या. काजवे डबीत भरणाऱ्या मुलांना तिथल्या तिथे थांबवा.

खाणं, कुत्री, मोठे गट

माकडांना बिस्किटं दिली की ती पिशव्या हिसकायला शिकतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्यांकडे मात्र दुर्लक्ष होतं. पायथ्याच्या गावातली कुत्री बिस्किटाच्या आशेने गडापर्यंत येतात, वाटेत ससे आणि भेकरांच्या मागे लागतात, जमिनीवरची घरटी उकरतात. त्यांना निघतानाच खाऊ घालू नका, म्हणजे ती मागे येत नाहीत. फळांच्या साली ‘कुजतील’ म्हणून टाकू नका. त्या कातळावर आठवडेच्या आठवडे पडून राहतात आणि माकडांना वाटेवर आणतात.

गट १२ ते १५ जणांच्या आत ठेवा. त्याहून मोठा असेल तर तुकड्या करून पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडा, प्रत्येकीबरोबर वाट माहीत असलेला माणूस द्या. पन्नास जण एकत्र थांबले की वाटेवर मावतच नाहीत, आणि दर थांब्याला गवताचा एक तुकडा जातो. स्पीकर घरी ठेवायचा. पावसाळ्यात बेडकांचे नर ओरडून माद्यांना बोलावतात आणि गाण्याच्या आवाजात ते ऐकू जात नाही. त्यापेक्षा गावातला वाटाड्या बरोबर घ्या. त्याला पैसे मिळतात आणि तुम्हाला कुठल्या कपारीत मोहोळ आहे ते कळतं.

वणवा, शिकारीचा फास किंवा जखमी जनावर दिसलं तर महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. फोन करताना जवळचं गाव, गडाची किंवा ओढ्याची कुठली बाजू, वारं कुठल्या दिशेने वाहतंय आणि आग साधारण किती लांब पसरली आहे एवढं सांगा. रेंज नसेल तर मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवून घ्या आणि खाली गावात पोलीस पाटलाला किंवा वनरक्षकाला दाखवा. वणवा स्वतः विझवायला उताराच्या वरच्या बाजूने कधीही जाऊ नका. आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर किंवा उघड्या कातळावर सरका, गटातली माणसं मोजा आणि मग फोन लावा.